वाटीभर चिंचोके आणि बालवाडीचं फाटक

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन बसू या — म्हणजे तुम्ही बसा, मी उभीच आहे. दान देताना आपला एक हात पुढे असतो. तो सगळ्यांना दिसतो, आपण दाखवतोच. प्रश्न असा, की त्या वेळी दुसरा हात कुठे असतो?

दाराजवळच्या काकू, तेवढी कडी लावता का? माझी धाकटी उंबऱ्याकडे सरकते आहे. हं. आता सांगते.

एक वसाहत होती. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले चारजण चपला शोधायला लागतील. माणसं शिकलेली, सुस्थितीतली. तळमजल्यावर बालवाडी. बालवाडीचं दार उघडलं की थेट रस्ता — साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जातात तो. मधे फाटक नाही.

एका सकाळी प्राजक्ताची अन्वी, साडेतीन वर्षांची, शेळीच्या पिल्लामागे धावत त्या रस्त्यावर गेली. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून ही गोष्ट मी हसत सांगू शकते. प्राजक्तानं पोरीला घरी आणलं, वरणभात भरवला, झोपवलं. आणि मग ती स्वयंपाकघरात जी खाली बसली, ती उठेचना.

सोसायटीच्या सभेत ती म्हणाली, "फाटक हवंय. वर्गणी काढू या."

अध्यक्ष शेवडेकाका. बँकेतून निवृत्त. म्हणाले, "अगं प्राजू, वर्गणी मागायला गेलं की प्रत्येक घरात कोणीतरी आंघोळीला गेलेलं असतं. त्यापेक्षा पोकर नाइट ठेवू. लोक खेळतील, रमतील, आणि जाता जाता दानही होईल."

पोकर! काका गोव्याला जाऊन ते जुगाराचं जहाज बघून आले होते — काठावरून.

आता पोकर म्हटला की थाट हवा, आणि आपल्याला थाट स्वस्तात हवा. हिरवं कापड कुठून? गणपतीच्या मखरामागचा पडदा काढला. पत्ते घरोघरचे गोळा केले. एका जोडात इस्पिकचा राजाच नव्हता, म्हणून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका कापून राजा केला. तो कुणाच्या हातात आहे, हे खोलीभर दिसायचं. एवढा पारदर्शक राजा इतिहासात झाला नसेल. लांबलचक टेबल तेवढं मांडववाल्याकडून भाड्यानं आणावं लागलं. पावतीवर सही शेवडेकाकांची. सही लक्षात ठेवा.

राहिल्या त्या पैशांऐवजी मांडायच्या चकत्या. दुकानातला संच महाग. काकांना एकदम सुचलं — "चिंचोके!"

दिवस चैत्राचे. घरोघरी वर्षाची चिंच आलेली, बरीचशी फोडूनही झालेली. काकांनी नियम केला. पाचशे रुपयांना वाटीभर चिंचोके घ्यायचे. खेळ संपला की आपल्याकडचे चिंचोके मोजून द्यायचे. वाटीमागे अडीचशे परत. उरलेले पैसे फाटकाला.

साथीचे पेटीवाले हसले बघा. त्यांना कळलं. मंडळी, त्या वसाहतीत दोन इंजिनिअर होते, एक डॉक्टरीण होती, आणि बँकेतले काका तर होतेच. त्यांना नाही कळलं. प्राजक्ताला कळलं.

"काका, चिंचोके सगळ्यांच्याच घरी आहेत. कुणी खिशातून आणले तर?"

"प्राजू, शेजाऱ्यांवर थोडा विश्वास ठेवावा माणसानं."

"मग निदान रंगाचा डबा आणू. आपले तेवढे लाल करू."

"खर्च वाढतो गं," काका म्हणाले. "फाटकाच्या पैशातून रंग आणायचा का?"

बघा, काय जपणूक! फाटकाचा एक रुपया हलू दिला नाही.

संध्याकाळी खेळ रंगला. आणि चमत्कार असा, की सगळे जिंकत होते. कुणी हरेचना! डॉक्टरीणबाईंची पर्स येताना फुगलेली होती, ती हळूहळू बसत गेली आणि पुढ्यातला ढीग चढत गेला. एक इंजिनिअर दर डावाला शिंकायचा, रुमाल काढायचा. रुमाल खिशात परत गेला की ढीग वाढलेला. देवाची लीला.

प्राजक्ता अन्वीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात. पोरगी चिंचोका तोंडात घालेल म्हणून तिची नजर सारखी खाली, म्हणून तिलाच दिसलं. शेवडेकाकांच्या ढिगातल्या चिंचोक्यांना चिंचेचा गर अजून चिकटलेला होता. ओला. म्हणजे आत्ताच वर जाऊन फोडून आणलेले.

खेळ संपला. वाट्या मोजल्या. विकल्या त्याच्या दुपटीहून जास्त परत आल्या. पैसे परत करता करता गल्ल्याचा तळ दिसला, आणि तरी दोनजण हात पुढे करून उभेच.

"कुणीतरी लबाडी केली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लोकांना काही लाजच नाही राहिली," रुमालवाले म्हणाले.

"फाटकाचं पुढच्या वर्षी बघू," शेवडेकाका म्हणाले आणि हात धुवायला गेले. चिकट झाले होते ना.

मंडळी, प्राजक्ता भांडली नाही. सकाळी बालवाडी उघडायच्या आधी तिनं आणि बालवाडीच्या बाईंनी ते लांब टेबल ओढत नेलं, दारात आडवं केलं, आणि खांबाला करकचून बांधलं. वर हिरवा पडदा तसाच.

काका धावत आले. "अगं, टेबल भाड्याचं आहे! रोजचं भाडं चढतंय!"

"चढू दे ना, काका."

"पावतीवर सही माझी आहे!"

"माहीत आहे. म्हणून तर बांधलंय. फाटक आलं की सोडते."

"आणि मी आत्ताच सोडलं तर?"

आतून अन्वी आली. टेबलाला नाक लावून काकांकडे बघत उभी राहिली. पलीकडून उसाचा ट्रॅक्टर गेला. काकांचा हात गाठीवर होता. प्राजक्ता शांतपणे म्हणाली, "सोडा ना, काका. मी बघते इथेच उभी राहून."

काकांनी हात खाली घेतला.

आठवडा संपायच्या आत फाटक आलं. चांगलं लोखंडी. दानानं जे झालं नाही, ते भाड्यानं केलं. त्यावर आता पाटी आहे — 'सर्व सभासदांच्या उदार सहकार्याने'. प्राजक्ता रोज ती वाचते, कडी लावते, आणि ओढून बघते.

हसलात? हसा. आता आरतीचं तबक फिरेल. मी कुणाच्या खिशाकडे बघणार नाही, ज्यानं त्यानं आपल्या दुसऱ्या हाताकडे बघावं. काय धरलंय त्यात, आणि ते कुठून फोडून आणलंय? बघितलंत? मग घ्या दोन्ही हात वर, देवाला दिसतील असे, आणि उठा आरतीला.

काकू, कडी मात्र राहू द्या.