उसळणारी पिकअप आणि आमचे माठ

मी कुंभाराच्या घरात जन्मले आणि कुंभाराच्याच घरात दिली, म्हणजे चिखल काय माझा सुटला नाही. माहेर नेरळकडचं, सासर बदलापूरचं, नदीच्या अंगाला. आमचे हे चाकावर बसायचे, मी माठ थापायची, सासूबाई भट्टी लावायच्या, आणि धाकटा दीर विष्णू, त्याला मातीत हात घालायला अजिबात आवडायचं नाही, बारीक होता तेव्हापासून गाडीचं वेड. मंग ऐंशीच्या पुढं कधीतरी आमी एक जुनी पिकअप घेतली, निळी, आणि भाऊजी झाले ड्रायव्हर. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात आमचा माल जायचा, उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडी.

पहिला उन्हाळा चांगला गेला. दुसऱ्याला माठ फुटायला लागले. काय सांगू तुमाला, निघताना एकेक माठ मी बोटानं वाजवून ठेवायची, खणखण वाजायचा, आणि तिकडं उतरवला की त्याला तडा. खड्डा आला की गाडीनं एकदा उसळून गप बसावं ना, ती उसळतच राहायची, होडीसारखी. भाऊजी अंबरनाथला एका गॅरेजात घेऊन गेले, तिथला बोलला माल जड आहे, पाटा वाढवू, म्हणून चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या असतात त्यात एक पट्टी वाढवली. गाडी कडक झाली, उसळायची ती उसळायचीच, उलट हाडं पण दुखायला लागली.

आमचे हे म्हणायचे गाडीत काही नाही, तूच पळवतोस. भाऊजी म्हणायचे दादा, मी हळूच चालवतो, आईची शपथ. मंग एक दिवस खालचा सगळा थर फुटून परत आला, आणि ह्यांनी अंगणात, शेजारी बघत असताना, भाऊजींच्या हातातली चावी काढून घेतली. बोलले उद्यापासून माल मी दुसऱ्याच्या गाडीनं पाठवीन आणि तू तुझी चूल वेगळी कर. विष्णू भाऊजी तसेच आत गेले. जेवले पण नाहीत. सासूबाई उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या, की मी जिवंत असताना दोन चुली बघू का.

मी विचार केला, माल मी रचते, पेंढा मी घालते, मंग चूक माझी पण असेल, नाहीतर गाडीची असेल, बघितल्याशिवाय कसं कळणार. सकाळी ह्यांना बोलले चावी द्या, एक खेप मी मागं माठांत बसून जाणार. हे बोलले बाईमाणूस मागं बसणार, लोक काय म्हणतील. मी बोलले लोकांनी माठ फोडले नाहीत. चावी घेतली, भाऊजींच्या हातात दिली आणि मागं चढले.

भाऊजी इतके हळू चालवत होते की सायकलवाला पुढं गेला, हसत गेला मेला. अंबरनाथ एमआयडीसीच्या वळणावर एक खड्डा आला, मोठा पण नव्हता, आणि मागची बाजू वर गेली, खाली आली, परत वर, परत खाली, आणि डावीकडं जास्त. माठावर माठ आपटताना मी डोळ्यांनी बघितलं. केबिनवर हात मारला, बोलले भाऊजी, थांबवा, तुमची चूक नाही. तो माणूस खाली उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला, मला दिसू नये म्हणून.

तसेच गेलो कॅम्प तीनला लछू मिस्त्रीकडं, म्हातारा सिंधी माणूस, ज्याला त्याला साईं, साईं म्हणायचा. त्यानं माल उतरवायला लावला, गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर सगळं वजन टाकलं आणि सोडलं, गाडी नाचतच राहिली. मंग बाजूच्या गाडीला तसंच केलं, ती वर आली आणि थांबली. बोलला, भाभी, पाटा वजन उठाता है, उछाल रोकने का काम शॉकअप का. खाली बघितलं तर दोन्ही शॉकअप तेलानं ओले, त्यावर धूळ बसलेली, आतून मेलेले.

नवे बसवले. परत दाबून बघितलं. उजवी बाजू थांबली, डावी नाचायचीच. भाऊजींचा चेहरा उतरला, म्हणाले वैनी, जाऊ दे, दादा बोलतो ते ऐकू. मी बोलले आता जाऊ दे नाही. पोतं टाकलं आणि मिस्त्रीच्या बाजूला मी पण गाडीखाली सरकले, भाऊजींना बोलले दाबा वरून. तर शॉकअप दबतच नव्हता, तो वरून गाडीच्या सांगाड्याला ज्या पट्टीनं अडकवलेला ती पट्टीच हलत होती. मी पदरानं चिखल पुसला, आत वेल्डिंग तुटलेलं. मिस्त्री बोलला, अरे साईं, ये देखो! पट्टी वेल्डिंग केली, वाढवलेला पाटा काढून टाकला, आणि मंग गाडी दाबली की एकदा वर यायची आणि गप.

पुढच्या खेपेला हे कुणी न सांगता मागं चढून बसले. बाजारात एकेक माठ काढून वाजवला, सगळे खणखणीत. एकच फुटला, तो उतरवताना ह्यांच्याच हातातून सुटला. भाऊजींनी खाली बसून खापऱ्या गोळा केल्या, हसले पण नाहीत. घरी आल्यावर ह्यांनी चावी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मला बोलले, आधी त्याला वाढ.

माफी ह्यांनी तेव्हा मागितली नाही आणि आजपर्यंत नाही. आता गाडी भंगारात गेली, भट्टी बंद झाली, सासूबाई एकाच चुलीवरचं जेवून गेल्या. पण भावाच्या ताटात वाढल्याशिवाय ह्यांनी घास उचलला नाही, एक दिवस नाही. भाऊजींचे गुडघे गेलेत, नळावरून यायला वेळ लागतो. ह्यांना बघा, ताट पुढं घेऊन बसलेत ना थांबून? येतील भाऊजी. तुमी पण हात धुवा, तुमचं पण वाढते.