डोंग्यातून घेतलेला सीन

(सिहोऱ्याजवळचं एक गाव. भैय्यालालच्या अंगणात शूटिंगवाली रिता.)

रिता : काका, सत्यभामाबाईंना बोलावता का? तलावावरचा त्यांचा सीन पुन्हा घ्यायचाय.

भैय्यालाल : पुन्हा कायले, मॅडम? झाला होता ना थो?

रिता : झाला होता. पण परत येताना वादळात डोंगा उलटला. माणसं वाचली, कॅमेरा बुडाला. दुसऱ्या दिवशी काढला, मुंबईला पाठवला. वाटलं, काहीतरी निघेल.

भैय्यालाल : मंग?

रिता : काहीच निघालं नाही.

भैय्यालाल : म्हंजे तिचं सारंच गेलं?

रिता : सगळं. म्हणून तर मी स्वतः आले. दुसरी बाई नकोय आम्हाला. धानाच्या बांधीत गेल्यात का?

भैय्यालाल : बसा, मॅडम.

रिता : काय झालं, काका?

भैय्यालाल : सत्यभामा नाही राह्यली. पोळ्याच्या टायमाले ताप आला. भंडाऱ्याले नेलं, पण थे काही परत आली नाही.

रिता : अरे देवा... आम्हाला कुणीच कळवलं नाही.

भैय्यालाल : कोण कळवन? मले तं तुमचं नाव बी धड माहीत नव्हतं. मी आलोच नाही ना शूटिंग पाहाले. धानाचा रोवणा सुरू होता. थे म्हणे, राहू द्या, पिक्चर लागला का तुमसरले संगंच जाऊन पाहू.

(रिता बाजेवर बसते.)

भैय्यालाल : कसं केलं तिनं? सांगा ना.

रिता : मुलगा डोंग्यातून गाव सोडून जातो, आई काठावर उभी. त्यांनी रडायचं होतं. पण त्यांना हसूच येत होतं, सारखा पदर तोंडाला. मग डोंगा खरंच दूर गेला आणि त्या एकदम म्हणाल्या, ‘जपून जाय रे बाप्पा.’ असं कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. तेच आम्ही डोंग्यातून घेतलं.

भैय्यालाल : हव. राखी सासरी जाये तवा बी अशीच म्हणे.

रिता : राखी तुमची मुलगी?

भैय्यालाल : एकुलती एक. लाखांदूरले देली. माय गेल्यापासून फोनवर एकच विचारते, बाबा, पिक्चर कधी लागन? आई चालतीबोलती दिसन म्हणते.

रिता : मी बोलू का तिच्याशी? चूक आमची आहे.

भैय्यालाल : वादळाले कोण काय करन? नोका बोलू... मॅडम, पिक्चर तयार व्हाले किती दिवस लागते?

रिता : वर्षभर तरी. कधी दोन वर्षंही लागतात.

भैय्यालाल : मंग तिले तेवढे दिवस वाट पाहू द्या.