भाऊसोंसाठी चार शब्द

लालासाहेब : समदंच खोडलंस व्हय? मी सांगितलेलं एकबी वाक्य ठेवलं न्हाईस.

संयोगिता : एक ठेवलंय, मामा. 'भाऊसो माझा थोरला भाऊ.'

(एकोणीसशे नव्व्याण्णव, सांगलीजवळचं कृष्णाकाठचं गाव. भाऊसो काल गेले. उद्या सकाळी नदीवर रक्षाविसर्जन. साखर कारखान्याच्या सभा गाजवलेले लालासाहेब जन्मात पहिल्यांदा भाषण लिहून घ्यायला बसले होते, तेही सुनेपुढं. आणि तिचं पेन काही त्यांना सोसत नव्हतं.)

लालासाहेब : 'कधीही भरून न निघणारी पोकळी', ह्यात काय वाईट हाय? समदी म्हणत्यात की.

संयोगिता : म्हणूनच खोडलं. आमच्या बाई सांगतात, जे वाक्य कुणाबद्दलही चालतं ते काढायचं. उरेल ते त्या माणसाचं.

लालासाहेब : कोण बाई? त्या इंटरनेटवरल्या?

संयोगिता : हो, घरबसल्या करतेय त्या एम.ए.च्या. इंग्लंडात असतात. या वेळी दुसऱ्या माणसासाठी भाषण लिहायला सांगितलंय. सोमवारी सांगलीला जाऊन नेट कॅफेतून पाठवायचं, इंग्रजीत करून.

लालासाहेब : तिला कुठं भाऊसो म्हाईत हाय?

संयोगिता : नाही ना. वाचून कळायला हवेत. मामा, तुम्ही दोघं इतकी वर्षं बोलत नव्हता. त्याबद्दल काय म्हणायचं उद्या?

लालासाहेब : त्याबद्दल काय म्हणायचं न्हाई. कारखान्याच्या निवडणुकीत तो त्या पॅनलला, मी ह्या. उद्या घाटावर दोनीकडची माणसं असणार. लय गोड बोललो तर माझी माणसं तोंडं वाकडी करतील, कमी बोललो तर त्याची. म्हणून तर गुळमुळीत लिही म्हणतोय.

संयोगिता : गुळमुळीत तर तुम्हाला न लिहिताही येतं. सभेत तुमच्या हातात कधी कागद बघितला नाही मी. उद्याच का लागतो?

लालासाहेब : तू लिही मुकाट.

संयोगिता : रागावलात?

लालासाहेब : न्हाई गं. ल्हानपणापास्नं मी बोलताना अडतो. आमची शाळा एका खोलीची. कविता म्हणताना मधीच थांबायचो, पुढचं समदं पुसून जायचं. मग भाऊसो मागनं खोकायचा. पोरं त्याच्याकडं वळायची, गुरुजी त्याच्यावर खेकसायचे, तवर मला पुढची ओळ सापडायची.

संयोगिता : आणि सभेत?

लालासाहेब : सभेतबी तेच. बसायचा विरोधकांत, पर मी अडलो की खोकायचा. लोकं म्हणायची, बघा, भावाची टिंगल करतोय. माझी माणसं इरेला पडून टाळ्या हाणायची. तवर माझी गाडी पुढं. त्या खोकण्यावर मतंबी मिळाली मला.

संयोगिता : आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही.

लालासाहेब : सांगितलं असतं तर मी अडतोय हे गावाला कळलं असतं. तोबी कधी बोलला न्हाई. एकदा वयनी त्याला लय बोलली. सख्ख्या भावाला भर सभेत आसं करतासा, काय वाटत न्हाई का? गप ऐकून घेतलं त्यानं. भिंतीच्या अलीकडं मी उभा हुतो.

संयोगिता : मामा, हे दुसऱ्या कुणाबद्दल नाही बोलता यायचं.

लालासाहेब : न्हाईच. पर उद्या अडलो तर खोकणार कोण?

संयोगिता : कुणी नाही. अडलात तर अडा. ते का खोकायचे, ते गावाला तेवढ्यानंच कळेल.

लालासाहेब : मग तुझा कागद? तुला लिवायला काय उरलंच न्हाई.

संयोगिता : उद्या तुमचं ऐकून लिहीन. बाईंना पाठवलं तर चालेल?

लालासाहेब : चालंल. पर सोमवारी. माझं पायताण कुठं हाय बघ, आदी वयनीकडं जाऊन येतो. तिला अजून वाटतंय, त्यानं माझी टिंगल केली.