प्रश्न एकीला की साऱ्या गावाला

समारंभाच्या अध्यक्षा माननीय रामोना एचेवेरी, व्यासपीठावर विराजमान राजदूत महोदय, आमच्या भाषा विभागाचे प्रमुख, आज निवृत्त होणाऱ्या एर्मिनिया ओतालोराबाई, आणि वीस देशांतून जिनिव्हात येऊन एकाच स्पॅनिश भाषेत भांडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच कबूल करतो, मी जरा गोंधळलो आहे. निमंत्रणावर छापलंय ‘स्पॅनिश भाषा दिन’. माझ्या मागच्या फलकावर लिहिलंय ‘निरोप’. सकाळी प्रमुखांना विचारलं, “साहेब, गौरव भाषेचा करायचा की बाईंचा?” ते म्हणाले, “दोन्ही उरका, दहा मिनिटांत.” म्हणून मी एकच प्रसंग सांगणार आहे. तो भाषेचा की बाईंचा, ते तुम्ही ठरवा. मला सात वर्षांत ठरवता आलेलं नाही.

मी अन्सेल्मो इतुराल्दे, मोन्तेविदेओचा. एर्मिनियाबाई कोलंबियातल्या तुन्हाच्या. एकोणीस वर्षं आम्ही एका काचेच्या खोलीत शेजारी बसलो. खाली सभागृहात कुणी इंग्रजीत बोलू लागलं की त्याच दमात ते स्पॅनिशमध्ये सांगायचं, अर्ध्या तासाने पाळी बदलायची. आमच्याकडचा ‘माते’ नावाचा कडवट चहा पिण्याचं माझं भांडं तिने त्या खोलीत कधी येऊ दिलं नाही. क्षमस्व, आज ‘त्यांनी’ म्हणायला हवं. पण जीभ जुन्या सवयीची आहे, तिला आता निरोपाच्या दिवशी काय शिकवू?

सात वर्षांपूर्वी आमच्या आयोगापुढे बोलिव्हियातल्या लोमा पार्दा गावाची सुनावणी होती. खाणीच्या गाळाचा बांध फुटून अर्धं गाव गाडलं गेलं होतं. गावातर्फे साक्षीला कासिल्दा वाराची नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांचा नवरा त्या गाळात गेला होता. मागच्या खुर्चीत दीर बसले होते. खाणवाल्यांचं म्हणणं असं, की गावाला धोका माहीत होता, तरी लोक जागचे हलले नाहीत. मग दोष आमचा कसा?

आयोगाच्या अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, बांध कच्चा आहे हे ठाऊक होतं का? माइक एर्मिनियाकडे होता. इंग्रजीतला ‘यू’ तुम्ही जाणताच. समोर एक माणूस असो की हजार, ‘यू’ तोच. आपल्या भाषेत मात्र विचारतोय एकीला की सगळ्यांना, हे ठरवल्याशिवाय क्रियापद तोंडातून बाहेर पडत नाही. आणि ठरवायला वेळ किती? एका श्वासाचा. तिने विचारलं, “तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं का?”

कासिल्दाबाई म्हणाल्या, “हो. आम्हाला ठाऊक होतं.”

खाणवाल्यांच्या वकिलांनी भराभर लिहून घेतलं. एर्मिनियाने माइक बंद केला.

“अन्सेल्मो, त्यांनी तिला एकटीलाच विचारलं असेल तर?”

“असेल. तू पुढे चल.”

“अरे, माझ्या एका शब्दाने गाव बुडतंय.”

“दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं. गप्प बस.”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, माइक चालू केला आणि आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये म्हणाली, “दुभाषी बोलते आहे. प्रश्न एकीला होता की साऱ्या गावाला, हे मला कळलेलं नाही. अध्यक्षांनी कृपया सांगावं.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खरं सांगायचं तर मीही ते ठरवलं नव्हतं,” ते म्हणाले. मग साक्षीदाराकडे वळले, “बाई, तुम्हाला स्वतःला ठाऊक होतं का?”

कासिल्दाबाईंनी मागे वळून दिरांकडे पाहिलं. “मला नव्हतं. गावालाही नव्हतं. माझ्या नवऱ्याला होतं. तो बांधावर राखणीला होता. त्याने भेग पाहिली, खाणीच्या इंजिनियरला सांगितली. गप्प राहा, नाहीतर काम सोड, असं त्याला बजावलं. तो गप्प राहिला. मलाही बोलला नाही. दिरांनी मला हे दफनानंतर सांगितलं.”

खाणवाल्यांचा बचाव तिथेच ढासळला. अहवालात गाव निर्दोष ठरलं. टाळ्यांची जागा हीच, नाही का? पण जरा थांबा.

सुनावणी सुटल्यावर कॉफीच्या यंत्रापाशी कासिल्दाबाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मधेच बोलली ती बाई कोण?”

“मी,” एर्मिनिया म्हणाली.

“‘आम्हाला’ म्हटलं ना मी, त्यात नवऱ्याला लपवला होता. सगळ्यांच्या मागे उभा केला होता. तुम्ही त्याला एकट्याला पुढे ओढलंत.”

“पण बाई, गावाचं नुकसान झालं असतं.”

“ते कळतं मला. म्हणून तर खरं सांगितलं. पण कळलं म्हणून बरं वाटतं, असं थोडंच आहे?” एवढं बोलून त्या गेल्या. रागावल्या होत्या की नाही, ते आम्हा दोघा भाषातज्ज्ञांना ओळखता आलं नाही.

आणि मी काय केलं? त्याच संध्याकाळी वरिष्ठांकडे तक्रार लिहिली, की दुभाषीने मर्यादा ओलांडली. खाली सही केली. एर्मिनियाला लेखी समज मिळाली. दुसऱ्या दिवशी ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, “तक्रारीत स्वल्पविराम फार आहेत तुझ्या.”

“चिडलीस?”

“नाही. नियमाने तू बरोबर आहेस. मी कुठे बरोबर आहे, ते शोधतेय.”

आज इथे आपल्या कामकाजाच्या सहा भाषांच्या वैभवाबद्दल पुष्कळ बोललं गेलं. त्यातलं काहीही मी खोडत नाही. फक्त विचारतो, त्या खुर्चीवर त्या दिवशी मी असतो तर? मी नियम पाळला असता, आणि गाव दोषी ठरलं असतं. मग ती तक्रार मी मागे का घेतली नाही? दर वर्षी वाटलं, या वर्षी घेऊ. घेतली नाही. एर्मिनियाबाई, उशीर झाला आहे, पण या सभेसमोर मी ती मागे घेतो.

गेल्या आठवड्यात मी तिला विचारलं, निवृत्तीनंतर काय? ती म्हणाली, “मंगळवारी लोमा पार्दाला निघते. कासिल्दाचं पत्र आलंय.”

“काय लिहिलंय?”

“‘या.’ एवढंच.”

“जेवायला या, की जाब द्यायला या?”

“ते नाही लिहिलेलं.”

“आणि तरी चाललीस?”

“तिथे गेल्यावर तिलाच विचारीन.”

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचा, आयोजकांचा आणि इतका वेळ त्या टेबलावरच्या एम्पानादांकडे, म्हणजे आपल्या खमंग करंज्यांकडे, न पाहिल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. माझं हे भाषण या क्षणी वरच्या पाच काचेच्या खोल्यांतून इतर भाषांत जातं आहे. तिथल्या मित्रांना एकच विनंती: माझी चूक सापडली, तर दयेपोटी ती सुधारू नका. माझ्याच नावावर राहू द्या.