एल्योर आता रडत नाही

किर्गिझस्तानमधल्या ओश शहराच्या बालरुग्णालयातील रांगेत माझ्यापुढे सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर दीड वर्षांचा एल्योर निपचित होता.

"ऊठ सूनबाई, घरी जाऊ. रडता रडता श्वास कोंडून निळा पडायचा, ते थांबलं ना?"

"आई, डॉक्टर म्हणाले होते, नुसतं कुशीवर निजवा, श्वास आपोआप येतो. आणि लोहाचे थेंब द्या."

"थेंबांनी दात तेवढे काळे झाले! काल माझ्या दिल्शोदनं गदागदा हलवला, तेव्हा कुठे श्वास घेतला."

"तेव्हापासून रडलाच नाही. डोळेही उघडत नाही."

"रडला तरी तुझी कुरकुर, नाही रडला तरी कुरकुर! आत जाऊन काय सांगणार, नवऱ्यानं हलवला म्हणून?"

सून उठली आणि एल्योरला खांद्यावर टाकून सासूमागे बाहेरच्या दाराकडे गेली.

रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांकडे आमची रांग अत्यंत सुसंस्कृत शिस्तीने सरकली.