दादाची चौकशी करू नये

पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात एक आजोबा आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. पुढे एक बाप आणि त्याची शाळेच्या गणवेशातली मुलगी.

"लिहा, घरगुती कॉम्प्युटर दुरुस्ती. खाली हिच्या दादाचं नाव टाका."

"बाबा, दादाला साधा स्क्रू काढता येत नाही."

"अगं, पोरीच्या हातात कोण मशीन देईल?"

"शेजारच्या काकांनी दिलं की."

"त्यांना वाटलं, दादा करतोय."

"चालू झाल्यावर मी सांगितलं त्यांना. ते ऐकून काही मशीन परत बंद पडलं नाही."

"जीभ फार चालायला लागलीय तुझी."

आजोबांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

रंगाऱ्याने ब्रश बुडवला. "मग नक्की काय लिहू?"

"लिहा, दुरुस्ती मीच करते. दादाची चौकशी करू नये."