सातव्या बोल्टवरचा ठिपका

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय अनंतराव, आमच्या कारखान्याचे मालक वेंकटरमण सार, सत्कारमूर्ती जनकोजीराव, सकवारवहिनी आणि चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

सहा वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेच्या सकाळी मी एका शाळेच्या व्हॅनचं इंजिन बांधत होतो. दुपारी अवजारं पूजेला मांडली की त्यांना हात लावायचा नाही, म्हणून घाई होती. आमची रीत साधी. मी पान्याने बोल्ट आवळून 'आहे' म्हणायचं, जनकोजींनी आवळल्याची खूण म्हणून त्यावर रंगाचा पिवळा ठिपका ठेवायचा. आठ बोल्ट, आठ ठिपके. सातव्याला मी पाना लावलाच नाही. तोंडाने मात्र 'आहे' म्हणालो. संध्याकाळी त्याच पान्याला गंध-कुंकू लावून हात जोडले. देवाने तो नमस्कार कुठे ठेवला असेल?

पंधरा दिवसांत इंजिन फुटून परत आलं. मुलं सुखरूप होती, ही देवाची कृपा. उघडलं तर सातवा बोल्ट सैल, वर ठिपका. सारांनी विचारलं, "खूण कुणाची?"

जनकोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"माझी," ते म्हणाले.

तक्रारवहीत त्यांचं नाव चढलं. तीस वर्षं इंजिनं बांधलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून सुटे भाग धुवायला बसला.

तोवर डबा उघडताना ते मला विचारायचे, "जेवण जालें की?" मी 'झालं' म्हटलं की हसायचे. "तुमची मराठी शाळेतली, आमची तंजावरच्या राजवाड्यातली." माझं कुटुंब गावी. या शहरात माझ्याशी रोज मराठी बोलणारा तो एकच माणूस. वहीत नाव चढलं त्या दिवसानंतर ते माझ्याशी फक्त तमिळ बोलले. रागाने नव्हे, अगदी नीट, कुणाही परक्याशी बोलावं तसं. मी खोलीवर आरती मोठ्याने म्हणू लागलो, निदान आपली भाषा कानावर पडावी म्हणून.

आता ते निवृत्त होऊन लेकीकडे कोइंबतूरला निघाले. वहिनींचा फोन आला, "सत्काराला तुम्हीच बोला, तुम्ही त्यांचे जोडीदार." त्या शब्दानंतर मला झोप कशी लागावी?

इथल्या मराठी मंडळाने मला बोलू दिलं, त्याचे आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या बोल्टची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते समोर बसले आहेत.

जनकोजीराव, मघापासून तुम्ही सारांच्या कानात माझं भाषण तमिळमध्ये सांगत होता. ठिपक्याशी आल्यावर थांबलात. आजही मला झाकता आहात. सांगायची गरज नाही, त्यांना ठाऊक आहे. आज सकाळी त्यांच्यासमोर तक्रारवही उघडून मी तुमचं नाव खोडलं, आणि तिथे माझं लिहून खाली सही केली.